सतरा इंचांचा पंखा

बोटीचं इंजिन बदलायचं काम दीड दिवसाचं. जुनं उचलायचं, नवं मागच्या फळीवर टांगायचं, बोल्ट आवळायचे, केबली जोडायच्या, पंखा चढवायचा आणि पाण्यात नेऊन बघायचं. धक्क्यावरची मिस्त्रीण हे काम बावीस वर्षं करत होती. वडिलांच्या हाताखाली शिकली, वडील गेल्यावर शटरवरची पाटीसुद्धा न बदलता तेच वर्कशॉप चालवत राहिली. कामात तिचं तोंड बंद आणि हात चालू असायचे. त्या सकाळी मात्र हातांबरोबर मनातल्या मनात तोंडही चालू होतं, कारण बोट तिच्या मेहुण्याची होती.

मेहुणा म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. सगळा धक्का त्याला कप्तान म्हणायचा. पलीकडच्या काठावर दगडाच्या खाणी, अलीकडे गाव. रस्त्याने दोन तास लागायचे, ते अंतर कप्तान बोटीने वीस मिनिटांत कापून द्यायचा. आठ महिन्यांपूर्वी वादळात, भर पाण्यात, त्याचं इंजिन बंद पडलं. लाटांनी बोट भरली. कप्तान लाइफ जॅकेटच्या जोरावर रात्रभर तरंगत राहिला आणि सकाळी काठाला लागला. पाण्याने भरलेली बोट मागाहून ओढून आणली. बोटीत मी एकटाच होतो, असं त्याने सांगितलं. गावाने त्याचा सत्कार केला, पेपरात फोटो आला. तो फोटो त्याने प्लास्टिकमध्ये बंद करून बोटीच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावा म्हणून.

त्या फोटोकडे नजर गेली की मिस्त्रिणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हे इंजिन मेलंय, असं तिने त्याला तीनदा बजावलं होतं. तरी शेवटी त्याच्या गोड बोलण्याला भुलून तिनेच कार्ब्युरेटर साफ करून ते पुन्हा धुगधुगतं करून दिलं होतं. वादळाच्या त्या रात्री तिची बहीण आठ तास धक्क्यावर भिजत बसली होती. म्हणजे राग निम्मा त्याच्यावर होता आणि निम्मा स्वतःवर. आणि स्वतःवरचा राग काढायला माणसाला दुसराच कोणीतरी लागतो. तिने फळीचे बोल्ट असे आवळले की पान्याची मूठ तळहातावर उमटली.

"ताई, तुमचा हात लागला म्हणजे आता बघायला नको," कप्तान काठावरून म्हणाला.

"बघायलाच हवं," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही बघितलं असतं तर आज हा पसारा नसता."

कप्तान हसला. त्याचं ते हसू तिला मुळीच खपायचं नाही.

क्रेनवाल्याने बोट पट्ट्यांवर उचलली. तो धक्क्यावरचा सगळ्यात जुना माणूस. क्रेनला लटकलेल्या काट्यावर प्रत्येक बोटीचं वजन बघायची त्याला सवय होती. "सातशे दहा," तो ओरडला. "नवं इंजिन धरून. तब्येत चांगली आहे पोरीची, वाढली नाही."

मिस्त्रिणीने वजन लक्षात ठेवलं, कारण पंखा निवडताना वजनच सगळं ठरवतं. पंख्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो. सतरा म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यातून सतरा इंच पुढे सरकू बघतो. आकडा मोठा, तेवढी ओढ मोठी आणि इंजिनाला कष्ट जास्त. हलक्या बोटीला मोठा आकडा चालतो, लादलेल्या बोटीला लहान लागतो. या बोटीला, या इंजिनाला सतराच. पूर्ण रेस दिल्यावर मीटरवर मिनिटाला छप्पन्नशे फेरे दिसायला हवेत. यात तिची चूक होणं शक्य नव्हतं.

ती एकटीच बोट घेऊन निघाली. पाण्यावर धुकं होतं. धक्क्याचे खांब मागे पडले आणि सगळीकडे तोच तो राखाडी रंग उरला. तिने रेस पूर्ण दिली. इंजिनाचा आवाज चढला आणि मध्येच अडखळल्यासारखा एका सुरावर अडकून बसला. चढावर सामान घेऊन निघालेला माणूस धापा टाकतो तसा.

मीटरवर एकावन्नशे.

तिने रेसची केबल तपासली. पूर्ण उघडत होती. परत येऊन बोटीचा तळ बघितला, स्वच्छ होता. तळाशी पाणी साचलं असेल म्हणून पंप लावला. दोन तांबेसुद्धा निघालं नाही. इंजिन फळीवर खाली बसलंय का तेही मोजलं. सगळं जागच्या जागी. बोट बांधलेली होती, आत कोणी नव्हतं, तरी पाण्याची रेघ नेहमीपेक्षा चार बोटं वर आली होती. क्रेनवाल्याला बोलावून तिने बोट पुन्हा उचलायला लावली.

"सातशे दहा," तो म्हणाला. मग खाली वाकून बोटीच्या कडेवरची ओली रेघ बघत राहिला. "पण पाण्यात ही जास्त बुडते आहे, बाई."

"दिसतंय मला," ती खेकसली.

दुपारपर्यंत तिने दोनदा पंखा बदलला. सतराचा काढून सोळाचा, सोळाचा काढून पंधराचा. पंधराला मीटर पंचावन्नशेवर आलं.

"झालं की!" कप्तान टाळी वाजवून म्हणाला. "पंधराच राहू द्या, ताई. उद्यापासून फेऱ्या सुरू करतो."

"पंधरा लादलेल्या बोटीला बसवतात."

"चालते आहे ना? मग?"

"चालते आहे," मिस्त्रीण म्हणाली, "म्हणूनच विचारते. आत काय लादलंय?"

कप्तानाचं हसू तसंच राहिलं, पण डोळे तिच्यावरून उडून पाण्याकडे गेले. फार थोडा वेळ. तरी तेवढ्यात तिला कळलं की या माणसाला बोट जड लागते आहे याचं नवल वाटलेलं नाही.

आता तिचा राग थंड झाला, आणि थंड रागात ती फार नीट काम करायची. तिने सतराचा पंखा पुन्हा चढवला. वीस लिटरचे पाच डबे पाण्याने भरून बोटीत ठेवले आणि एक चक्कर मारली. शंभर किलोला दोनशे फेरे कमी झाले. डबे उतरवले आणि हिशेब मनात मांडला. रिकाम्या बोटीला पाचशे फेरे कमी पडत होते. म्हणजे अडीचशे किलो. ती उपडा डबा घेऊन त्यावर बसली आणि रिकाम्या बाकांकडे बघत राहिली. अडीचशे किलो म्हणजे किती माणसं, हे बोटवाल्यांना किलोत सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कप्तानाला म्हणाली, "चला. तुम्ही बसा, मी चालवते. इंजिन बंद पडलं होतं ती जागा दाखवा."

"त्याची काय गरज?"

"पंखा तिथे ठरवायचा आहे."

बहीण धक्क्यावर डबा घेऊन आली होती. तिच्यासमोर त्याला नाही म्हणता येईना. तो मागच्या बाकावर न बसता मिस्त्रिणीच्या शेजारी उभा राहिला. मागची सगळी बोट मोकळी असताना.

धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. दहा मिनिटं कप्तान नुसती हाताने दिशा दाखवत होता. इंजिन तसंच धापा टाकत होतं. कप्तान बरोबर असल्यामुळे मीटर आणखी खाली, एकोणपन्नासशे साठवर. समोर पांढरा पडदा, पेट्रोलचा वास, काचेवर तो फोटो. फोटोतला कप्तान हसत होता. शेजारचा ओठ चावत होता.

आणि अचानक बोट सुटली. दोरी तुटावी तशी. मागची बाजू वर उठली, इंजिनाचा सूर मोकळा होऊन उंच गेला. मीटर एकावन्नशे, त्रेपन्नशे, चोपन्नशे साठ. दोघांच्या वजनाला नेमकं हवं तेवढं.

मिस्त्रिणीने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"इथेच ना?" तिने विचारलं.

"सुरू करा, ताई."

"इथेच ना?"

"ताई, हात जोडतो… सुरू करा."

बोट वाहत जाऊन थांबली. पाणी काचेसारखं सपाट होतं, लाटेचा मागमूस नव्हता. त्या शांततेत बोटीची डावी कड हळूच खाली गेली. कोणी बाहेरून दोन्ही हातांनी धरून अंग वर खेचावं तशी. मग बोट सावरली, पण पूर्वीइतकी वर आली नाही. पाण्याचे थेंब फळ्यांवर टपटपल्याचा आवाज झाला. फळ्या मात्र कोरड्या होत्या.

कड पुन्हा खाली गेली. पुन्हा वर आली.

ओल्या दगडाच्या भुकटीचा वास पसरला. खाणीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांना येतो तो.

मिस्त्रिणीच्या अंगावर सरसरून काटा आला. पण तिला स्वतःलाच नवल वाटलं, की भीतीच्या खाली तो राग तसाच्या तसा जागेवर होता. उलट पाय टेकायला तिला तेवढीच एक घट्ट जागा मिळाली होती. तिने मान न वळवता विचारलं, "किती जण होते?"

"कोण…?"

बोट तिसऱ्यांदा झुकली. मागचा बाक करकरला.

"कप्तान, मी विचारते आहे. किती जण होते?"

"तीन," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "तिघेच. खाणीवरचे. दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको. काम संपवून गावी निघाले होते. वादळ दिसत होतं, मी म्हटलं वीस मिनिटांचा तर प्रश्न… ताई, मला पोहता येत नाही."

"आणि जॅकेटं?"

"एकच होतं."

"कोणी घातलं ते दिसलंच मला. पेपरात."

तो मटकन खाली बसला. पाठ काचेला टेकवून, मागे बघावं लागू नये म्हणून डोळे मिटून बोलत राहिला. "तिने जॅकेटचा पट्टा धरला होता. त्या बाईने. दोघांना घेऊन ते तरंगलं नसतं, ताई… खाली जात होतो आम्ही. मी तिची बोटं… एकेक करून सोडवली. काही बोलली नाही ती. नुसती बघत होती."

मिस्त्रिणीने त्याला आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती. बहिणीचा नवरा, मान ठेवायचा असतो. त्या क्षणी तो मान गळून पडला.

"आणि वर येऊन तू सत्कार करून घेतलास?" ती म्हणाली. "आठ महिने तू तिथे हसत उभा राहिलास? आणि त्यांच्या घरी कोणी विचारलं नाही?"

"मुकादमाला वाटलं गावी गेले. गावी वाटलं कामावर आहेत."

"आणि माझ्याकडून तुला पंधराचा पंखा हवा होता. म्हणजे हे असेच बसून राहणार, आणि तू यांच्यासकट फेऱ्या मारणार. मीटर बरोबर दाखवेल, कोणाला पत्ता लागणार नाही." तिने चावी पकडली. "मेलेल्या माणसांच्या वजनाला बेतून मी पंखा बसवत नसते. ऐकलंस?"

चावी फिरवायच्या आधी बोट आणखी एकदा हलली. अगदी किंचित. तिला वाटलं, आपलाच पाय घसरला असेल.

परतताना मीटर पुन्हा एकोणपन्नासशे साठवर गेलं. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. "तुमच्या बहिणीचा तरी विचार करा," कप्तान एकदाच म्हणाला. "तिचाच करते आहे," ती म्हणाली. धक्क्याला बोट लावली, पोलीस चौकी शंभर पावलांवर होती, आणि ती पूर्ण शंभर पावलं तिने त्याची कॉलर सोडली नाही.

पाणबुडे आले. तिसऱ्या दिवशी तिघेही सापडले, त्याच जागेच्या खाली, गाळात, एकमेकांपासून फार लांब नव्हते. त्यांचे लोक दूरच्या गावाहून येऊन त्यांना घेऊन गेले. धाकटी त्या सगळ्या दिवसांत रडली नाही. फक्त एकदा वर्कशॉपच्या पायरीवर बसून म्हणाली, "मी आठ तास याची वाट बघत बसले होते, ताई. लोक चहा आणून देत होते मला. त्या तिघांसाठी कोणीच बसलं नव्हतं."

मिस्त्रीण तिच्या शेजारी पायरीवर बसली. कार्ब्युरेटर तिने साफ केला होता.

चौकशी संपून बोट चार महिन्यांनी सुटली. ती धाकटीच्या नावावर होती, आणि धाकटीला ती डोळ्यांसमोर नको होती. गिऱ्हाईकही चालून आलं. सोपवण्याआधी एकदा बघून घेऊ म्हणून मिस्त्रीण एकटीच निघाली. फोटो तिने काचेवरून खरवडून काढला होता. सतराचाच पंखा होता. स्वच्छ ऊन पडलं होतं, दोन्ही काठ दिसत होते.

मीटर पंचावन्नशे चाळीसवर थांबलं.

साठ फेरे कमी. साठ फेऱ्यांना कोणी विचारत नाही; हवा दमट असली तरी एवढा फरक पडतो. तिने स्वतःला तसं सांगितलंही. मग त्या जागेवर पोचल्यावर बोट किंचित हलकी झाली आणि मीटर छप्पन्नशेवर जाऊन उभं राहिलं. तिने इंजिन बंद केलं आणि थांबली. ऊन अंगावर, पाणी निवांत. बराच वेळ काही झालं नाही. तिने श्वास सोडला.

डावी कड हलली. मोठ्या माणसासारखी नाही. आधी जराशी, मग निसटल्यासारखी वर, मग पुन्हा जराशी. कोणी पोटावर रेटत, पाय झाडत वर चढावं तशी. टपटप थेंब पडले. मागच्या बाकाला काही झालं नाही. तिच्या पायांजवळची फळी तेवढी करकरली.

तीस किलो. तिच्या मनाने हिशेब आपोआप केला.

दुसऱ्याच दिवशी ती तुरुंगात गेली. जाळीपलीकडचा कप्तान अर्धा झाला होता. तिने बसायच्या आधीच विचारलं, "चौथं कोण होतं? लहान पोर कोणाचं होतं?"

त्याला कळेचना. कळलं तेव्हा तो जाळी धरून उभा राहिला. "कोणी नव्हतं, ताई. तिघेच चढले. आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे?"

जन्मात पहिल्यांदा तिला त्याचं बोलणं पटलं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. खोटं बोलला असता तर गळा धरता आला असता. तिने त्या तिघांच्या घरी कळवून विचारलं. त्यांच्याबरोबर मूल नव्हतं, त्यांना मूलबाळच नव्हतं. चौकीत बसून तिने हट्टाने आणखी दोन दिवस पाणबुडे उतरवायला लावले. गाळाशिवाय काही मिळालं नाही. त्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी, कुठल्याच गावातून पोर हरवल्याची तक्रार नव्हती. कोणाच्याच खिजगणतीत नसलेलं एक पोर, आणि चिडायला समोर माणूस नाही.

गिऱ्हाइकाच्या मिस्त्रीने बोट चालवून बघितली आणि म्हणाला, "सोळाचा लावा, बाई, किरकोळ कमी पडतंय." तिने त्याला पाना दाखवून धक्क्यावरून घालवून दिलं. बोट विकायची नाही, असं तिने धाकटीला सांगितलं. धाकटीने का म्हणून विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून मिस्त्रीण त्या जागेवर जाऊन आली की ती चहा घेऊन धक्क्यावर हजर असायची.

मिस्त्रीण महिन्यातून एकदा जायची. पुढच्या महिन्यात मीटर पंचावन्नशे तीस होतं. तिने तळ घासला, प्लग बदलले, पंख्याच्या कडा हाताने चाचपून बघितल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात पंचावन्नशे वीस. क्रेनवाल्याने बोट उचलली आणि काट्याकडे बघून न विचारताच सांगितलं, "सातशे दहा."

धाकटी चहाचा कप घेऊन शेजारी उभी होती. "आज किती?"

"पंचावन्नशे वीस."

"मागच्या वेळी तीस होतं ना?"

"हो."

दोन पोरं वाढवलेली धाकटी बराच वेळ त्या ओल्या रेघेकडे बघत राहिली. मग हळूच, नेहमीच्या बोलण्यात बोलावं तसं म्हणाली, "या वयात भराभर वाढतात, ताई."